चौतीस वर्षं दुसरीत

१२ जून

प्रिय ताई,

आज दुपारी खुर्चीतच डोळा लागला आणि कानात एकदम तो आवाज आला. किल्ल्यांचा जुडगा आणि जपमाळ एकमेकांवर आपटण्याचा. आपण शाळेत होतो तेव्हा मोठ्या सिस्टर दोन्ही कमरेच्या एकाच बाजूला बांधायच्या. व्हरांड्याच्या टोकाला खळ्‌-टिक्‌ झालं, की चाळीस पोरं एका दमात गप्प. तू तेव्हा चौथीत होतीस आणि मी पहिलीत. मला वाटायचं, देव असाच येत असणार, आधी आवाज आणि मग तो. पुढे तोच आवाज तुझा झाला. तूही सिस्टर झालीस, मुख्याध्यापिका झालीस, आणि व्हरांड्यातून तू येताना बाकीचे घाबरायचे, मला मात्र हसू यायचं.

जागा झालो, तर समोरच्या बाई त्यांचं कुलूप उघडत होत्या.

माझं बरं चाललंय. सकाळी उठतो, खिडकी उघडतो, शाळा भरताना बघतो. आईबाप फाटकापाशी पोरांच्या वेण्या, बुटांचे बंद एकदा शेवटचे नीट करतात, आणि मग दोन मिनिटं उगाच तिथंच घुटमळतात. त्या दोन मिनिटांसाठी मी चहा लांबवतो. दुपारी शाळेची फाटकी पुस्तकं शिवतो. पुस्तकबांधणीचं दुकान बंद करून नऊ वर्षं झाली, पण हाताला सुई-दोरा लागतोच. आपल्या शाळेची पालकसेवा तू घालून दिलीस तशीच चालू आहे. एक बाबा नळ दुरुस्त करतात, एक दंतवैद्य आई पोरांचे दात बघते, दोघीतिघी पडदे शिवतात. आणि मी शुक्रवारी दुसरीच्या वर्गात मागच्या लहान खुर्चीत बसून वाचन ऐकतो. खुर्ची एवढी बुटकी, की गुडघे छातीला लागतात. उठताना दोन पोरं हात देतात आणि तिसरं 'एक, दोन, तीन' म्हणतं.

यंदा एक पुढचे दोन्ही दात पडलेली मुलगी आहे. बाईंसमोर तोंड उघडत नाही. माझ्याजवळ आली आणि फटीतून वारा सोडत अख्खं पान वाचून गेली. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही कोणाचे?" मी म्हटलं, "सगळ्यांचे." तिला पटलं नाही. म्हणाली, "असं नसतं."

तिच्याकडे बघताना माझा टिल्लू आठवला. तोही दुसरीतच होता, पालकांच्या सभेत नदीची कविता म्हटली होती त्यानं. स्टुलावर उभा, मोजे खाली उतरलेले. आठही कडवी, कुठं अडखळला नाही. टाळ्या थांबेनात. तू कोपऱ्यात उभी होतीस. माझ्या आयुष्यात तेवढी उजळ संध्याकाळ दुसरी नाही.

टिल्लू मजेत आहे. कामात असतो. डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर?

तुझा,
धाकट्या


२८ जून

धाकट्या,

अक्षर मोठं आहे म्हणून ओरडतेय असं समजू नकोस. जाड पेनानं लिहिलं तरच मला दिसतं. एका पानावर सात ओळी मावतात. त्यामुळे थोडक्यात लिहायची सवय लागतेय, जी तुला सत्तरी उलटून गेली तरी लागली नाही.

तुझी पत्रं आमची स्वयंपाकीण वाचून दाखवते. ती कशालाही रडते. तू दात पडलेल्या मुलीबद्दल लिहिलंस तिथं थांबली, पदरानं नाक पुसलं, आणि आतून डाळ करपल्याचा वास आला. पुढचं पत्र सुटीच्या दिवशी टाक.

इथं आम्ही अकरा जणी. सगळ्या निवृत्त मुख्याध्यापिका. अकरा जणी हुकूम सोडणाऱ्या आणि पाळणारी एकही नाही. जेवणाची घंटा कोणी वाजवायची यावरून मार्चपासून अबोला आहे. प्रार्थनेला मात्र सगळ्या वेळेवर.

डोळ्यांचं डॉक्टर काही म्हणत नाहीत. खांद्यावर हात ठेवतात. त्यावरून काय ते समज.

टिल्लू मजेत आहे असं लिहितोस. त्याच्याशी शेवटचं कधी बोललास?

त्या सभेतल्या टाळ्या मला आठवतात. कविता आठवत नाही. बघ, तुला नीट आठवते का.

ताई


२३ ऑगस्ट

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला. काही विशेष नाही. हसण्यासारखं एक घडलं, ते सांगतो.

शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्यात हे तुला कळलं असेल. सिस्टर नाहीत, संसारी बाई आहेत. पायांत बूट, हातात फाइल, बोलणं नेमकं. त्यांनी सगळे जुने कागद बाहेर काढलेत. गेल्या शुक्रवारी मला निरोप आला, जाताना कार्यालयात डोकावून जा. मला वाटलं, पुस्तकं शिवल्याबद्दल आभार मानणार. मी टोपीसुद्धा काढून हातात घेतली.

त्यांच्यापुढे वाचनपालकांची यादी होती.

"आजोबा, बसा. तुमचा मुलगा दुसरीत आहे?"

"हो, म्हणजे... होता."

"यादीत आहे असं लिहिलंय." त्यांनी बोट ठेवलं. "यंदाच्या. गेल्या वर्षीच्याही. मी मागे मागे जात गेले. चौतीस वर्षं हा मुलगा दुसरीत आहे."

कारकुनाला ठसका लागला. मलाही हसू आलं. म्हटलं, "मॅडम, पोरगं हुशार आहे हो, वर्गशिक्षिकाच बदलत राहिल्या."

त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "तुमच्याबद्दल कोणाची काही तक्रार नाही. उलट सगळे चांगलंच बोलतात. पण वर्गात मुलांजवळ बसणाऱ्या माणसाचं मूल शाळेत हवं, हा नियम. तो मी एकासाठी मोडला, तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं अडवू?"

ताई, बाईंचं बरोबर आहे. आपली पोरं आज त्या वर्गात असती तर आपणही हेच म्हटलं असतं. त्यांनी सप्टेंबर अखेरपर्यंत मुदत दिलीय, पोरांना एकदम चुकल्यासारखं वाटू नये म्हणून. एखाद्या आईबापानं 'हे आमच्या मुलाचे आजोबा म्हणून येतील' असं लिहून दिलं, तर चालेल म्हणाल्या. पण कोणाच्या दारात जाऊन मी म्हणू, की मला तुमचा आजोबा करून घ्या?

चूक कुठं झाली, तेही निघालं. दर जूनला कारकून जुनी यादी पुढे ठेवून नवी उतरवतो. त्याच्या आधीचा कारकूनही तसंच करायचा. टिल्लू दहा वर्षांचा झाला, वीस वर्षांचा झाला, देश सोडून गेला, डोक्यावरचे केस गेले असतील, पण यादीत आपला दुसरीत.

मला काही वाटलं नाही. एक शुक्रवार मोकळा होईल, एवढंच. खिडकी आहेच.

तू बाईंना पत्रबित्र लिहू नकोस हं. ओशाळवाणं होतं.

टिल्लूशी बोललो. गेल्या... मधे बोललो.

तुझा,
धाकट्या

ता. क. स्वयंपाकीणबाई, यात रडण्यासारखं काही नाही. डाळीकडे लक्ष असू द्या.


५ सप्टेंबर

धाकट्या,

हे पत्र मी वाचून घेतलेलं नाही आणि कोणाकडून लिहूनही घेत नाही. तीन दिवस लागले. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, तर भिंग घे.

कारकुनाला बोल लावू नकोस. ते नाव यादीत मी राहू दिलं.

टिल्लू तिसरीत गेला त्या वर्षी तू माझ्याकडे आलास आणि म्हणालास, मला दुसरीचीच खुर्ची राहू दे. मी राहू दिली. तो शाळेतून बाहेर पडला, तेव्हा कारकुनानं विचारलं, नाव कापू? मी म्हटलं, असू दे. पुढे तुझी बायको वारली, टिल्लू परदेशी गेला, आणि तू शुक्रवारखेरीज घराबाहेर पडेनास. कारकून दर वर्षी विचारायचा, मी दर वर्षी असू दे म्हणायचे. शेवटी त्यानं विचारणं सोडलं. खोटी नोंद केली म्हणून मी दोन शिक्षिकांना घरी बसवलेलं आहे. आणि स्वतः चौदा वर्षं ही नोंद चालू ठेवली. फादरांपुढे पापनिवेदनात सांगितलं, तर त्यांना हसू आवरेना. मला आलं नाही.

आता दुसरं. ते मी आजवर सांगितलं नाही, कारण तू इतक्या आनंदानं सांगायचास.

त्या संध्याकाळी कविता टिल्लूनं म्हटली नाही. तू म्हटलीस.

तो स्टुलावर उभा राहिला. पहिल्या दोन ओळी म्हटल्या आणि तिसरीला थांबला. विसरला नव्हता. श्वास घेत होता. मी जवळ होते, मला दिसत होतं. तिसऱ्या रांगेतून तू ओळ सांगितलीस. त्यानं तुझ्याकडे बघितलं. चौथीला तू त्याच्या आधी बोललास. दुसऱ्या कडव्याला तू उभा होतास, डोळे मिटलेले, हात हलतोय, आणि सगळं सभागृह तुझ्याकडे मान वळवून बसलेलं. तू कविता सुंदर म्हणतोस, ते खरंच आहे. आठही कडवी म्हटलीस. टाळ्या पडल्या त्या तुला. टिल्लू कधी खाली उतरला, कोणी बघितलं नाही. मी बघितलं. पडद्यामागे जाऊन मोजे वर ओढत बसला होता.

तू अजूनही तेच करतोस. तो वाक्य सुरू करतो, तू संपवतोस. म्हणून तो फोन करत नाही. मला कसं ठाऊक? मला तो पत्रं लिहितो. बरीच वर्षं. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यातलंही तू पूर्ण केलं असतंस.

रागावशील. रागाव.

नाव कापलं नाही म्हणून टिल्लूचा शाळा सोडल्याचा दाखलाही राहिला आहे, ते मी बघते. चूक माझी, निस्तरणारही मीच.

ताई


१४ ऑक्टोबर

धाकट्या,

पाच आठवडे झाले. टपाल आलं, की स्वयंपाकीण आधी माझ्या दारात येते आणि तशीच परत जाते. परवा तिनं स्वतःच एक पत्र मनानं रचून वाचून दाखवलं. म्हणाली, भावानं लिहिलंय, मी मजेत आहे, काळजी करू नकोस. तू इतकं थोडक्यात कधी लिहिलेलं नाहीस, म्हणून लगेच ओळखलं. बिचारीला बरं वाटावं म्हणून 'छान' म्हटलं.

मी जन्मभर मुख्याध्यापिकाच राहिले. चूक दिसली की लाल शाई. बहीण कमी झाले. जे लिहिलं ते खरं होतं, पण चौतीस वर्षं सांभाळलेलं एका पत्रात ओतायला नको होतं.

आता मला उजेड आणि सावली एवढंच कळतं; हे शेजारच्या सिस्टरांकडून लिहून घेतेय. सकाळी खिडकीपाशी बसवतात. ऊन हातावर आलं, की समजायचं, शाळा भरली असेल.

कोरं पान पाठवलंस तरी चालेल. पाकिटावरच्या तिकिटावर बोट फिरवलं, की तुझं आहे ते कळतं. तू नेहमी वाकडं लावतोस.

ताई


२७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तिकीट मुद्दाम वाकडं लावलंय.

रागावलो होतो. आधी तुझ्यावर. मग तू खोटं लिहितेस असं ठरवून टाकलं, डोळ्यांबरोबर आठवणही गेली म्हटलं. आठ दिवस तसे काढले. मग एके सकाळी दाढी करताना आरशात बघत नदीची कविता म्हणायला लागलो, नेहमीसारखी. तिसऱ्या ओळीला हात थांबला. मला तिथं टिल्लूचा आवाज आठवेना. कितीही आठवला तरी आठवेना. स्टूल आठवलं, उतरलेले मोजे आठवले, पण कविता माझ्याच आवाजात येत होती. साबण वाळला गालावर.

त्यानं ती कशी म्हटली असती, ते मला ठाऊकच नाही गं. नदीचं गाणं त्याला जोरात वाटत होतं की हळू, ते कधी ऐकलंच नाही. इतकी वर्षं खुर्चीत बसून मी दुसऱ्यांची पोरं ऐकली, ती कशासाठी, हे खुर्चीला माहीत असावं. मला माहीत नव्हतं.

शेवटचा शुक्रवार सांगतो. दात पडलेल्या मुलीचा एक दात आलाय आता, टोकासारखा. ती बसली, पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि 'क्षितिज'पाशी अडली. ताई, तो शब्द माझ्या जिभेवर होता. ओठ हलायला लागले होते. मी जीभ दातांखाली धरली. ती माझ्याकडे बघायला लागली. सगळी पोरं बघतात तशी, की सांगा ना. मी पुस्तकाकडे बघत राहिलो. वर्गात पंख्याचा आवाज, कुणीतरी पेन्सिल टोकतंय. केवढा वेळ गेला! मला वाटलं, ही आता रडणार, आणि शेवटच्या दिवशी मी हेही बिघडवणार. मग ती बोटानं एकेक अक्षर ढकलत, नाकानं श्वास घेत म्हणाली, "क्षि-ति-ज." आणि माझ्यावरच खेकसली, "माहीत होतं ना तुम्हाला? मग सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "तुझं होतं म्हणून." तिनं विचार केला. पुढचं पान उलटलं.

उठताना दोघांनी हात दिला. तिसऱ्यानं मोजलं. वर्गात कोणाला काही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, पुढच्या शुक्रवारी येतीलच.

गेले चार शुक्रवार घरी आहे. शुक्रवारी खिडकी लावून घेतो. फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा मात्र येतो, मुख्याध्यापिकाबाई शिपायाच्या हाती पाठवतात, वर चिठ्ठी असते. गेल्या गठ्ठ्याबरोबर निरोप होता: 'मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला तयार आहे. पालकांनी येऊन सही करावी.' तू त्यांना लिहिलंस ना? नको म्हटलं होतं. पण बाईंनी सांभाळून घेतलंय, तुझं पत्र चांगलं उतरलं असणार. मी अजून गेलेलो नाही. सही केली, की टिल्लू दुसरीतून गेला. मग मी कोणाचा पालक, हे लिहायला कागदावर जागाच नाही. त्या पोरीनं जूनमध्येच सांगितलं होतं, असं नसतं.

तुला तो पत्रं लिहितो, हे वाचून पहिल्यांदा तुझं पत्र घडी घालून खणात टाकलं. आता वाटतं, बरं आहे. कोणीतरी त्याला शेवटपर्यंत ऐकतंय. पत्राचा हाच फायदा, मधे बोलता येत नाही. तू त्याला लिहिशील तेव्हा माझं काही घालू नकोस. फक्त विचार, तो काय खातो, थंडीचे कपडे आहेत ना. नको, तेही नको. विचारू नकोस. तो सांगेल ते ऐक.

स्वयंपाकीणबाईंना सांग, तुमचं पत्र माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी मजेत आहे, काळजी करू नकोस. यापुढे मीही असंच लिहीन.

तुझ्या खिडकीत ऊन येतं तेव्हा माझ्या

थांब, जिन्यावर कोणीतरी आहे. शिपाई असेल, गठ्ठा घेऊन. पण शिपाई दोन-दोन पायऱ्या चढतो. हा माणूस मधल्या वळणावर थांबलाय.

ताई, घाईत चार ओळी. स्वयंपाकीणबाईंना वाचायला लाव आणि रडू दे त्यांना.

दार वाजलं. उघडलं. समोर उंच, टक्कल पडलेला माणूस, खांद्यावर पिशवी. मी आधी बुटांकडे पाहिलं. एक मोजा खाली उतरला होता.

त्यानं तोंड उघडलं आणि अडला. माझ्या जिभेवर काय काय आलं, तुला ठाऊक आहे. 'ये, आत ये', 'केवढा वाळलास', 'दमला असशील', त्याचं सगळं वाक्य मला पाठ होतं. मी चौकट धरली आणि गप्प राहिलो. तो श्वास घेत होता. मला दिसत होतं.

मग म्हणाला, "बाबा, आत्याचं पत्र आलं. माझा दाखला राहिलाय म्हणे. तो न्यायला पालक बरोबर लागतो."